निफाड तालुक्यातल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास लिहायचाय, मदत हवी

द्राक्षबाग:

सर्वांना सलाम.

आमचं गाव निफाड तालुक्यात, गोदेच्या कालव्यावर भिजणारं. द्राक्षं, कांदा, थोडाफार ऊस. गावाच्या पूर्वेला, आता जिला भीमनगर म्हणतात त्या वस्तीच्या आणि मळ्यांच्या मधे आमचं चर्च आहे. दगडी भिंती, वर मंगलोरी कौलं, अंगणात दोन लाकडी खांबांना टांगलेली घंटा. एरवी रविवारी पंधरा-वीस माणसं उपासनेला असतात. नाताळात पुण्या-मुंबईची पोरं घरी आली की मात्र बाहेर सतरंज्या अंथराव्या लागतात.

पंच कमिटीने मंडळीच्या इतिहासाची पुस्तिका काढायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे दिलं. आजवर आमचा इतिहास म्हणजे दोन टंकलिखित पानं. दर वर्धापनदिनाला ती वाचली जातात. घोड्यावरून मिशनरी साहेब आले, त्यांनी झाडाखाली सुवार्ता सांगितली, मग शाळा निघाली, मग चर्च बांधलं, पुढे कौलं बदलली. आमच्या गावच्या एका माणसाचंही नाव पहिल्या पानावर नाही. साहेब चार गावं करून पुढे गेले असतील. ज्यांनी गावात राहून बाप्तिस्मा घेतला, गावाची बोलणी खाल्ली, विहिरीवर अडवले गेले आणि तरी रविवारी जमत राहिले, त्यांची नावं कुठे आहेत? पुस्तिका त्यांच्यापासून सुरू व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे.

चर्चच्या लाकडी पेटीत तीन जुनी रजिस्टरं आहेत: बाप्तिस्मा, विवाह, दफन. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरची सुरुवातीची पानं इंग्रजी हातातली, नंतर बाळबोध मराठी. रकाने ठरलेले: तारीख, बाळाचं नाव, आईबापांचं नाव, राहणार, धंदा, विधी कोणी केला. धंद्याच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी 'महार' एवढंच लिहिलंय. जात हाच धंदा धरलाय. काही ठिकाणी 'शेतमजूर', एका ठिकाणी 'रेल्वे गँगमन'.

विवाहाच्या रजिस्टरातल्या एका पानावर मी बराच वेळ थांबलो. नवऱ्याच्या सहीच्या जागी अंगठा. शेजारी नवरीने स्वतःचं नाव लिहिलंय, शाईने, सावकाश, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ ओढून. साक्षीदारांत पुन्हा दोन अंगठे. त्या पानावर लिहिता येणारी माणसं दोनच, पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि नवरी. ही मुलगी कुठे शिकली असेल?

जाणकारांनी सांगावं: अशा मंडळींचे कागद आणखी कुठे मिळतील? रजिस्टरं कशी जपायची? आणि पुस्तिकेत जातीचा रकाना जसाच्या तसा छापायचा का? कमिटीत यावर दोन तट आहेत.

शरणपूरकर:

द्राक्षबाग दादा, फार मोलाचं काम हाती घेतलंत. नवरी शिकली कुठे, याचं बरंचसं उत्तर नाशिकच्या आमच्या शरणपुरात असण्याची शक्यता आहे. आज शरणपूर रोड म्हटलं की लोकांना दुकानं आणि दवाखाने आठवतात, म्हणून थोडं मागून सांगतो.

इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने नाशकात १८३२ मध्ये ठाणं केलं. पेशवाई जाऊन तेव्हा पंधरा वर्षंही झाली नव्हती. तीर्थक्षेत्राच्या गावात सुरुवातीची वर्षं फार कठीण गेली, बाप्तिस्मे अगदी थोडे. जो घ्यायचा त्याला घर सोडावं लागायचं, धंदा सुटायचा, पाणी बंद व्हायचं. या लोकांनी राहायचं कुठे, यावर तोडगा म्हणून विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या काळात, १८५० च्या दशकात, गावाबाहेर शरणपूर वसलं. तिथे घरं, शेती, शाळा आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवणारे कारखाने होते. अनाथ मुलं-मुली होती. मुलींना लिहा-वाचायला शिकवत होते, आणि त्यातल्या कित्येकींची लग्नं खेड्यातल्या ख्रिस्ती घरांत लागत. तेव्हा तुमच्या नवरीचं 'राहणार' बघा. तिथे शरणपूर किंवा नाशिक असेल तर धागा सापडला.

शरणपूरची आणखी एक गोष्ट नाशिककरांनाही फारशी ठाऊक नाही. गुलामांची वाहतूक करणारी अरबी गलबतं इंग्रज आरमार अरबी समुद्रात पकडायचं. त्यातून सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जायची आणि त्यातली बरीच शरणपुरात आणली गेली. इथे ती शिकली, हातात कसब घेतलं, इथल्या चर्चमध्ये त्यांचे बाप्तिस्मे झाले. आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन शेवटच्या प्रवासात असताना त्याच्या मदतीला जी तुकडी धाडली, तिच्यात हे नाशिकचे तरुण होते. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याच्या दफनाचा विधी वाचला तो जेकब वेनराइटने, म्हणजे नाशकात शिकलेल्या मुलाने. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. मग सोबत्यांनी ते शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीसोबत जेकब होता. त्यानंतर प्राइस साहेब स्वतः मोंबासाला गेले. तिथे १८७५ मध्ये फ्रीअरटाउन वसलं, ते शरणपूरच्याच नमुन्यावर. इथली कितीतरी आफ्रिकी कुटुंबं तिकडे गेली.

हे सगळं मोठं आहेच. पण मुख्य ठाण्याचा इतिहास कोणी ना कोणी लिहितंच. तिथून सायकलने, बैलगाडीने, पायी खेड्याखेड्यात जाऊन मंडळ्या सांभाळणारे उपदेशक आणि मास्तर मात्र कुठल्याच पुस्तकात येत नाहीत. आणि ते बहुतेक आपलेच लोक. रतनजी नवरोजी हे पारशी घरातले गृहस्थ, नाशकात बाप्तिस्मा झाला, आणि पुढे औरंगाबाद भागातली खेड्यांची मंडळी त्यांनीच उभी केली. 'साहेब आले' या वाक्यापाशी थांबणारा इतिहास म्हणूनच अपुरा वाटतो.

कागदपत्र:

मी सरकारी अभिलेख कक्षात नोकरी करून निवृत्त झालो. कागदांपुरतं बोलतो.

दादा, सगळ्यात आधी तहसीलला जा. गाव नमुना नंबर १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ते गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्याच्या नकला काढतात, म्हणून अभिलेख कक्षातल्या माणसाला लगेच कळतं तुम्ही काय मागताय. जुनी पानं मोडी लिपीत असतात. त्यात बापाचं नाव आणि जात असते. तुमच्या बाप्तिस्मा रजिस्टरात 'योहान' म्हणून असलेला मुलगा कोतवाल बुकात 'रामा' असू शकतो. बापाचं नाव आणि तारीख जुळवून बघायचं. हे चिकाटीचं काम आहे, पण माणूस असाच सापडतो.

दुसरं, गावच्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर. ते सहसा टिकून असतं. त्यात धर्म-जातीच्या रकान्यात 'नेटिव्ह ख्रिश्चन' अशी नोंद दिसली की ते घर तोवर मंडळीत आलेलं होतं, एवढं पक्कं समजायचं.

तिसरं, वतनाचे कागद. महार वतन, म्हणजे गावकामाच्या बदल्यात मिळालेली जमीन, होतं त्या घरांची नावं वतनाच्या नोंदीत असतात. ही वतनं १९५८ च्या कनिष्ठ गाववतने निर्मूलन कायद्याने गेली, आणि जमीन नावावर करून देतानाचे फेरफार तलाठी दप्तरात आहेत. बाप्तिस्मा घेतला तरी वतनातला हिस्सा कुणाकडे राहिला, कुणाचा गेला, हे फेरफारावरून दिसतं. भावकीतली भांडणंही दिसतात.

चर्चची जागा कुणाच्या नावावर आहे तेही याच फेरीत बघून घ्या. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा, आणि धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टच्या परिशिष्ट १ ची नक्कल मागा. इतिहासासाठी तर हवंच, पण गावाला लागून असलेल्या जमिनीचे भाव काय झालेत ते तुम्ही जाणताच. जागा कुणी, कधी, कशासाठी दिली हा कागद मंडळीच्या हातात असलेला बरा.

वरच्या पातळीवर: चर्च मिशनरी सोसायटीची जुनी पत्रं आणि अहवाल इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी ग्रंथालयात आहेत. मुंबई इलाख्यातल्या चर्चनी सरकारला पाठवलेल्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण त्यात गोऱ्यांच्याच नोंदी जास्त, त्यामुळे खेड्यातल्या माणसाला त्याचा फारसा उपयोग नाही. लग्नाचं मात्र वेगळं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागलेल्या लग्नांच्या प्रती वर पाठवाव्या लागत, म्हणून तुमच्या रजिस्टरचं पान फाटलेलं असलं तरी आशा सोडू नका. नाशिक धर्मप्रांत १९२९ मध्ये झाला, त्याआधी हा भाग मुंबईच्या बिशपकडे होता. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, मंडळ्या त्यात गेल्या. कुठल्या सालचा कागद कुठल्या कचेरीत मागायचा, ते या सनांवरून ठरवा.

रजिस्टरं जपण्याबद्दल हात जोडून सांगतो: लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. लॅमिनेशन केलेला कागद पुढे कुणालाच सोडवता येत नाही आणि आतल्या आत पिवळा पडून मोडतो. जुनी शाई कागद खाते, म्हणून पानं उघडताना पाठीमागे हाताचा आधार द्या. पेटी भिंतीपासून आणि जमिनीपासून वर ठेवा, वाळवी भिंतीतूनच येते. सुती कापडात बांधून आत वेखंडाची पूड पुरचुंडीत ठेवा. फोटो काढायचे ते खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, पानाच्या बरोबर वर मोबाइल धरून. प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानांचासुद्धा.

द्राक्षबाग:

कागदपत्र काका, शरणपूरकर, मनापासून आभार. तुमचं वाचल्यावर लगेच जाऊन पान पाहिलं. नवरीच्या 'राहणार' पुढे खरंच 'शरणपूर' आहे.

दफनाचं रजिस्टरही पहिल्यांदाच नीट चाळलं. १९१८ चा ऑक्टोबर उघडला आणि पुढची पानं उलटायला हात होईना. एकाच घरातली नावं एकाखाली एक. बाळ, मग आई, मग आजी. कारणाच्या जागी पाळकाने पहिल्यांदा 'ताप' लिहिलंय, पुढच्या ओळींत नुसत्या खुणा. इन्फ्लुएन्झाची साथ आमच्या एवढ्याशा मंडळीत किती आत शिरली होती, ते घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्याच पाळकाने त्याच वर्षी डिसेंबरात दोन बाप्तिस्मे केलेत. त्या माणसाबद्दल मला सगळं काही जाणून घ्यायचंय.

बाळूची आई:

द्राक्षबाग बाळा, मी मूळची मनमाडची, लग्न होऊन नाशकात आले. माझी आजी शरणपुरात शिकलेली. तिच्याकडून जे ऐकलं ते लिहिते, तुझ्या नवरीला लागू पडेल.

त्या पोरी पहाटे उठून दळण दळायच्या, पाणी भरायच्या, मग शाळा. वाचायला शिकवलं ते शास्त्र वाचता यावं म्हणून. पण एकदा वाचता आलं की मग पत्रही वाचता येतं आणि सावकाराचा कागदही. आजी लग्न होऊन खेड्यात गेली तेव्हा अख्ख्या वस्तीत वाचणारी ती एकटी. मुंबईला गिरणीत गेलेल्यांची पत्रं तिच्याकडे वाचायला यायची. मराठ्यांच्या बायकासुद्धा मागच्या दाराने यायच्या, नवऱ्याचं पत्र वाचून घ्यायला. पुढच्या दाराने आलेलं चालत नव्हतं.

पुढे ती बायबलबाई झाली. हे काम फार कष्टाचं होतं रे. खांद्याला पिशवी, त्यात शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिका, दोरा-सुई, आणि डोळे आलेल्या लेकरांसाठी औषधाची बाटली. बायांच्या घरात पुरुष उपदेशक जाऊ शकत नव्हता, तिथे या जायच्या. बाळंतिणीजवळ बसायच्या, शिवायला शिकवायच्या, गाणं म्हणायच्या. पगार अगदीच तुटपुंजा. मंडळीच्या इतिवृत्तात पाळकाचं नाव येतं, मास्तरांचं येतं, बायबलबाईचं येत नाही. तुझ्या पुस्तिकेत ते येऊ दे. खर्चाच्या वह्या बघ, पगाराच्या ओळीत ती सापडेल. इतिवृत्तात नसली तरी पगाराच्या वहीत असणारच.

आणि गाणी विसरू नकोस. आमच्याकडे सुरुवातीला इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवून म्हणायचे, ते बायांच्या तोंडी काही बसेना. कवी ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीतं दिली आणि खेड्यातल्या मंडळीचा आवाज मोकळा झाला. टिळक लहानपणी नाशकातच शिकले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूरचं, गंगापूर रोडच्या पलीकडचं. १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्या घराने काय सोसलं असेल! आजी जात्यावर टिळकांचे अभंग म्हणायची, आणि मधेच स्वतःची ओवी जोडायची. तुमच्या गावातल्या ऐंशी ओलांडलेल्या बायांजवळ बस, मोबाइल चालू ठेव, आणि 'इतिहास सांगा' म्हणू नकोस. 'गाणं म्हणा' म्हण. गाण्यामागून सगळं येतं.

येवला_नाका:

मी बौद्ध आहे आणि धागा सुरुवातीपासून वाचतोय. जातीच्या रकान्याबद्दल बोलायचंय.

दादा, तुमच्या भीमनगरातली बौद्ध घरं आणि चर्चला जाणारी घरं यांची भावकी एकच असणार, खातरीने सांगतो. आमच्याकडे असंच आहे. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ मिशनच्या शाळेत मास्तर झाले आणि त्यांचं घर ख्रिस्ती झालं. पणजोबा वतनावर राहिले. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आमच्या घरातली माणसं नाशकात गेली होती. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली ती आमच्याच गावात. घरात सांगतात, त्या दिवशी ख्रिस्ती झालेल्या मास्तरांनी ऐकायला आलेल्या माणसांसाठी भाकरी करून पाठवल्या होत्या. १९५६ मध्ये आम्ही बुद्धाच्या वाटेने गेलो. दोन घरं, दोन वाटा, पण निघालो एकाच दारातून, आणि ते दार कोणतं होतं हे त्या रकान्यात लिहिलंय.

तुम्ही तो रकाना गाळलात तर पुढच्या पिढीला वाटेल, चार भाविक लोकांना एक दिवस सुवार्ता आवडली आणि ते ख्रिस्ती झाले. मग विहिरीवर का अडवलं, वस्ती गावाबाहेर का, चर्च गावात न बांधता महारवाड्याच्या कडेला का, हे काहीच कळणार नाही. मला वाटतं छापावं. नाव, जात, धंदा, सगळं.

सिन्नरकर:

येवला_नाका भाऊंच्या भावना समजतात, पण दुसरी बाजू मांडतो. मी आमच्या मंडळीच्या पंच कमिटीत आहे. आमच्याकडे वेगवेगळ्या जातींतून आलेली घरं आहेत. महार, मांग, दोन कोकणा घरं, एक मराठा. चार पिढ्यांनी प्रयत्न करून एका भाकरीतून प्रभुभोजन घ्यायला लावलं. सुरुवातीला तेही सोपं नव्हतं. जुन्या लोकांनी सांगितलंय की मांगांच्या घरातला प्याला आधी कुणाकडे द्यायचा यावरून मंडळीत रुसवे झाले होते. आज लग्नं जुळवताना हे सगळं पुन्हा निघतं. पुस्तिका घरोघर जाणार. त्यात अमक्याचे पणजोबा तमक्या जातीचे असं छापलं की उद्या कुणाच्या तरी मुलीचं लग्न अडेल. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जे मागे टाकलं ते आपण छापून परत का आणायचं?

येवला_नाका:

सिन्नरकर दादा, तुमची काळजी खरी आहे, मुलीच्या बापाची काळजी आहे, ती मी उडवून लावणार नाही. पण प्याल्याचे रुसवे तुम्हीच सांगितलेत, आणि ते वाचून मला तुमच्या मंडळीबद्दल आदर वाढला. चार पिढ्यांनी तो प्याला एक केला, ही तुमच्या मंडळीने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. जात न लिहिता ती गोष्ट सांगणार कशी?

कागदपत्र:

यात एक कायद्याची बाजू आहे, ती ध्यानात असू द्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. म्हणजे गावाने ज्याला महार म्हणून विहिरीवर अडवलं, त्याच माणसाच्या नातवाला कागदावर ती जात नाही. नोकरीत असताना अशी पोरं दाखल्यासाठी खिडकीशी उभी राहिलेली मी बघितलीत.  त्यामुळे रजिस्टरची पानं बाहेर फिरली तर त्यांचा भलाबुरा दोन्ही वापर होऊ शकतो. माझा सल्ला असा: १९५० च्या आधीच्या नोंदी पूर्ण छापा, ती माणसं आज बहुतेक हयात नाहीत. त्यानंतरच्या नोंदींचे फोटो काढा, दोन ठिकाणी जपून ठेवा, पण छापू नका. ज्या घराला आपलं छापून हवंय त्याने लेखी द्यावं.

नाशिकरोडवाला:

मी कॅथलिक, नाशिक रोडचा. छोटीशी भर घालतो. निफाड पट्ट्यातली काही घरं एका मिशनमधून दुसऱ्यात गेलेली असतात, विशेषतः दुष्काळाच्या काळात. १८९९-१९०० च्या छप्पनच्या (संवत १९५६ च्या) दुष्काळात मिशनच्या आश्रमांत कितीतरी अनाथ मुलं आली. तुमच्या रजिस्टरात एखादं घर अचानक दिसेनासं झालं तर ते मेलं असं धरू नका. कॅथलिक रजिस्टरात बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात पुढे त्या व्यक्तीचं लग्न कधी, कुठे झालं ते लिहायची पद्धत आहे. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये असतात, घाबरू नका, नावं ओळखू येतात. आमचा धर्मप्रांत १९८७ मध्ये झाला, आधी पुण्याकडे होतो, तेव्हा चौकशी दोन्हीकडे करा. पाळकांचं पत्र घेऊन गेलात तर आमचे फादर नक्की मदत करतील.

मोडीवाचक:

दादांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) कोतवाल बुकाच्या नकलेचा फोटो पाठवला होता, त्यांच्या परवानगीने इथे लिहितो. ओळ साफ आहे, लिहिणाऱ्याचा हात चांगला. तारीख, मग 'मुलगा', बापाचं नाव, जात 'म्हार', आणि शेवटी बारीक अक्षरात 'क्रिस्ती जाहला'. शेवटचे दोन शब्द वेगळ्या शाईने आणि वेगळ्या हाताने लिहिलेत, नंतर भरलेले. नोंद करणाऱ्याने जात खोडली नाही, पुढे फक्त जोडलं. आणखी नकला मिळाल्या तर बिनधास्त पाठवा, जमेल तसं वाचून देतो. फोटो काढताना पानाची डावी कड कापली जाऊ देऊ नका, तारीख तिथेच असते.

द्राक्षबाग:

सगळ्यांचे उत्तर कमिटीत वाचून दाखवले. बरीच चर्चा झाली, आवाजही चढले, पण निर्णय झाला.

पुस्तिकेचं पहिलं प्रकरण साहेबांचं नसेल. ते विवाहाच्या रजिस्टरातल्या त्या पानाचं असेल, फोटोसह: अंगठा लावणारा नवरा आणि सही करणारी नवरी. तिचं माहेर शोधण्याचं काम शरणपूरकरांनी आपणहून अंगावर घेतलंय. खर्चाच्या वह्या तपासल्या आणि, बाळूची आई, तुमचं बोलणं खरं ठरलं. बायबलबाईच्या पगाराच्या ओळीत तेच नाव आहे जे नवरीचं. सही पण तीच, रेघा ओढलेली, फक्त आता हात सरावलेला दिसतो. साहेब दुसऱ्या प्रकरणात येतील, आणि त्यांनी केलेलं काम नीट, मान राखून लिहू. शाळा त्यांनी काढली नसती तर ती सही रजिस्टरात आली नसती.

जातीबद्दल काकांचा तोडगा मान्य झाला. १९५० च्या आधीच्या नोंदी रकान्यासकट छापायच्या. सिन्नरकर दादांची काळजी लक्षात घेऊन पुढच्या घराण्यांच्या वंशावळी छापायच्या नाहीत, त्या हस्तलिखित पेटीत राहतील. भीमनगरातल्या बौद्ध चुलत घरांना बोलावून त्यांच्याकडची माहितीही घेणार आहोत. त्यांच्यातल्या एका आजोबांकडे वतनाचा मूळ कागद आहे, आणि त्यांनी तो स्वतःहून दाखवला.

१९१८ च्या पाळकांबद्दल अजून काही मिळालेलं नाही. दफनाच्या रजिस्टरात त्यांचं स्वतःचं नाव नाही, म्हणजे त्यांची बदली झाली असावी. पुणे, मालेगाव, जुन्नर, औरंगाबाद भागातल्या कुणाच्या मंडळीत १९१९ च्या सुमारास नाशिकहून पाळक आल्याची नोंद असेल तर कृपया व्यनि करा.

सगळ्या पानांचे फोटो कापणीच्या सणाच्या दिवशी काढणार आहोत, कारण त्या दिवशी बाहेरगावची घरंही येतात. उपासना सकाळी, मग दानाच्या मालाचा लिलाव, मग जेवण, आणि दुपारी खिडकीच्या उजेडात रजिस्टरं. ज्यांच्याकडे जुने फोटो, लग्नपत्रिका, दृढीकरणाचे दाखले, गाण्यांच्या वह्या आहेत त्यांनी आणाव्यात. मूळ प्रत तिथल्या तिथे परत मिळेल.

बाळूची आई:

मी येते. आजीची गाण्यांची वही आहे माझ्याकडे, पानं सुटलीत, कापडात बांधून आणीन. लिलावात माझ्यातर्फे एक कोंबडी धर, पैसे आल्यावर देते. निफाड स्टेशनवर कुणी घ्यायला येईल का, की रिक्षा मिळते?

द्राक्षबाग:

ताई, रिक्षाचं बघू नका. सकाळच्या पॅसेंजरला माझा पुतण्या गाडी घेऊन येईल. डब्याचा नंबर तेवढा कळवा.